ग्राहकाची सही

"हॅलो, नवरदेव हायेत का?"

भिवाजीनं रिसीव्हर खांद्यात दाबला आणि ऑर्डरची वही पुढे ओढली. लग्नसराईत हिंगोलीच्या सुधा प्रेसला असले फोन दिवसाला दहा यायचे.

"नवरदेव हितं नसतेत बाप्पा, नवरदेवाच्या पत्रिका असतेत. बोला, तारीख कोणती? दोनशे का पाचशे?"

"पत्रिकेचं मागून पाहू हो. आधी नवरदेव तर पाहू द्या! लिहून घ्या: भिवाजी नामदेव खिल्लारे, राहणार हिंगोली. नंबर तर ह्योच दिलेला हाय."

चौतीस वर्षं माणसानं दुसऱ्यांची नावं जुळवण्यात घालवली, की स्वतःचं नाव कानावर पडलं तरी ते परक्याचं वाटतं. भिवाजीनं ते वहीत अर्धं लिहूनसुद्धा टाकलं. मग पेन थांबलं.

"कोण बोलून राहिलं?"

"मी सोनाजी पाईकराव, गोरेगावचा. जीप चालवतो. आमच्या ताईसाठी बोलतो. माझं पोरगं प्रज्ञेश औरंगाबादला शिकतंय, त्यानं नेटवर वाचलं. फोनवर कशाला लांबण लावायचं, आमी निघालोच हाओत. बारापर्यंत पोचतो. जय भीम!"

आणि फोन बंद. एसटीडीच्या डबड्यातून केलेला फोन. उलटा लावायचा तरी कुठे?

भिवाजीनं रिसीव्हर हळूच ठेवला. समोरच्या टेबलाशी सपना वहीत काहीतरी उतरवत बसली होती. कुरुंद्याची पोर, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला, मावशीकडे राहून इथं तीन महिन्यांची इंटर्नशिप करत होती.

"सपना," तो म्हणाला, "तुझ्या त्या वेबसाईटवर माझं लगीन जमून राहिलं काय गं?"

पोरीचा चेहरा असा पडला, की भिवाजीला आपल्या विनोदाची लाज वाटली. तिचा हात माउसकडे गेला. पण दहाला लाईट गेली होती, आता दोनपर्यंत यायची नाही. दोन हजार सहा सालचं भारनियमन ते. काळा पडदा बघत ती म्हणाली, "काका, ती टेस्टची नोंद. मी काढलीच न्हाई. शनिवारी सगळं फोल्डर तसंच उचलून नेटवर टाकलं."

आता हे समजायला थोडं मागं जायला हवं.

भिवाजी बहात्तर साली, बाविसाव्या वर्षी, विष्णुपंतांच्या या प्रेसमध्ये शिशाचे खिळे जुळवायला लागला. कंपोझिटर. एकेक अक्षर चिमटीत धरून उलटं लावायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटायचं. "चि.सौ.कां." आणि "आयुष्मान" हे दोन शब्द तर तो सुतळीनं बांधून तयारच ठेवायचा, कारण लग्नं काय, सगळ्यांच्याच घरी निघतात. त्याच्या स्वतःच्या घरातली तेवढी निघायची राहिली. दोन बहिणी उजवल्या, आईचं दुखणं काढलं, आणि मान वर करून पाहिलं तर चाळिशी उलटलेली. गावात कुणी विचारलं की म्हणायचा, "सगळ्यांच्या पत्रिका छापून झाल्या की माझी घेतो." लोक हसायचे, तोही हसायचा. घरी गेला की मात्र रेडिओ लावायचा. ऐकायला म्हणून नव्हे, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून.

शहाण्णव साली विष्णुपंतांनी कॉम्प्युटर आणला आणि खिळे मोडीत गेले. भिवाजी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा. सेनगावहून आलेल्या एका अठरा वर्षांच्या पोरीच्या शेजारी स्टूल टाकून तो टायपिंग शिकला. म्हाताऱ्या घोड्याला नवी चाल, म्हणून लोकांनी टिंगल केली. करू देत. पुढे विष्णुपंत गेले, त्यांचा मुलगा अपूर्व पुण्याहून वेबसाईट बनवायचं शिकून आला, आणि सुधा प्रेसच्या पाटीवर खाली एक इंग्रजी ओळ वाढली. त्या कोडातलं भिवाजीला ओ की ठो कळत नव्हतं. पण नव्या पोरांना पहिल्या दिवशी समोर बसवून चार गोष्टी सांगायचं काम अपूर्वनं त्याच्याकडेच दिलं होतं, आणि ते तो हौसेनं करायचा.

सपनाला तिचे वडील सोडायला आले, तेव्हाही त्यानं तिला तेच ऐकवलं.

"तुमी ज्याला इंटर्नशिप म्हणता त्याला आमी उमेदवारी म्हणायचो. मी दोनदा केली. पहिली बाविसाव्या वर्षी, दुसरी शेहेचाळीसाव्या. म्हणून सांगतो, न समजता मान हलवायची न्हाई. मान हलवली की तेच काम दोनदा करावं लागतं. विचारायची लाज पहिल्या आठवड्यात वाटली तर बरी, तिसऱ्या महिन्यात वाटली तर माणूस बुडला. सगळं वहीत लिवायचं. काही पुसायच्या आधी त्याची एक प्रत बाजूला ठेवायची. प्रूफ शेवटाकडून सुरुवातीकडं वाचायचं, म्हणजे डोळा फसत न्हाई. आन ग्राहकाची सही घेतल्याबिगर काही छापायचं न्हाई."

"आन चूक झाली तर?" सपनानं विचारलं होतं.

"होणारच. पण चूक ताजी असतानाच सांगायची. शिळी झाली की तिला वास येतो. आन डबा एकटीनं खायचा न्हाई."

पोरीनं डब्याचंसुद्धा वहीत लिहून घेतलं होतं.

पहिलंच मोठं काम तिच्या हाती आलं ते एका वधू-वर सूचक मंडळाच्या वेबसाईटचं. नोंद नीट जाते का हे बघायला एक खोटी नोंद करायची होती. "कोणाचं नाव टाकू?" तिनं विचारलं. भिवाजी म्हणाला, "खोट्या नावाचा खरा माणूस निघतो गं. माझंच टाक. माझ्याकडं कोण बघतंय!" तिनं एकेक विचारलं. शिक्षण, काम, घर. वयाची यादी पंचेचाळीसला संपत होती, म्हणून छप्पन वर्षांचा भिवाजी पंचेचाळीसवर बसला. फोन नंबर प्रेसचा. आणि शेवटी, "अपेक्षा काय लिवू, काका?"

तेव्हा मात्र तो जरा थांबला होता. मग म्हणाला, "घरात बोलणारी असावी."

सपनानं तेही टाईप केलं आणि पुढच्या कामाला लागली. भिवाजी मात्र त्या पानाकडे थोडा वेळ बघत राहिला होता.

आणि आता गोरेगावहून जीप निघाली होती.

अपूर्व नांदेडला गेलेला, दुपारी परतणार. त्याचा मोबाईल लागत नव्हता. सपना रडकुंडीला आली. "काका, अपूर्वदादांना कळलं तर ते इंटर्नशिपचं पत्र देतील का हो? पत्र न्हाई तर कॉलेजात मार्क न्हाईत. वर्षच वाया जाईल. बापानं तीन महिने कसेबसे कबूल केले. घरी म्हणतेत, आता बास, स्थळ बघू."

"आधी पाव्हण्यांचं बघू. पोहे सांगून ये."

"पोहे?"

"आता लोक नवरदेव बघायला येऊन राहिले तर त्यांना काय प्रूफ खाऊ घालू?"

ती डोळे पुसत हसली आणि गेली. ती गेल्यावर भिवाजीनं काय केलं ते सांगायला नको, पण सांगतोच. त्यानं मागच्या नळावर तोंड धुतलं. नखांतली शाई साबणानं घासली. ती चौतीस वर्षांची शाई, ती कुठली जाते! खुंटीवरचा त्यातल्या त्यात धुतलेला शर्ट घातला. मग आरशात स्वतःला पाहून मोठ्यानं म्हणाला, "येडा झाला का रे?" आणि तरी भांग पाडलाच.

बारा वाजून दहा मिनिटांनी जीप दारात लागली.

पुढून सोनाजी उतरला, उंच, गळ्यात उपरणं. मागून त्याची ताई, चांगुणा. चव्वेचाळीस वर्षांची, अंगणवाडीवर सेविका, ठेंगणी, खांद्याला पिशवी. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. पायरी चढतानाच तिचं चालू होतं: "सोना, ती जीप सावलीत लाव, मघापासून सांगून राहिले. अन् हे काय, प्रेस म्हणतेत अन् आवाज कसा न्हाई? लाईट गेली असंल. आमच्याकडं पण सकाळपासून न्हाई. जय भीम! नवरदेव कुठं हायेत?"

भिवाजी उभा राहिला. "जय भीम. मीच."

चांगुणानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पंचेचाळीस वय अंमळ दमदार दिसून राहिलं," ती म्हणाली.

पोहे आले, चहा आला. भिवाजी समोर बसला आणि त्याला एकदम जाणवलं, की गेली चार मिनिटं या खोलीत कुणीतरी सारखं बोलतंय आणि आपल्याला ते फार बरं वाटतंय. पोहे कुणी केले, पंखा कधीपासून बंद आहे, अंगणवाडीतल्या एका लेकरानं काल खडू कसा खाल्ला. रेडिओला असलं कुठलं यायला!

तेवढ्यात सपना पुढे झाली. हाताची बोटं एकमेकांत अडकवलेली. "मावशी, मला काही सांगायचं हाय."

"अगं, चहा तर होऊ दे पाव्हण्यांचा," भिवाजी घाईनं म्हणाला. "मागून सांगशील."

तो असं का म्हणाला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एक कप चहा संपेपर्यंत तरी नवरदेव राहावं, एवढंच त्याला हवं होतं. सपनानं त्याच्याकडे पाहिलं. पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "काका, शिळी होईल."

आपणच दिलेली अक्कल आपल्याच दारात आली होती. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "सांग."

तिनं सगळं सांगितलं. टेस्टची नोंद, वयाची यादी, फोल्डर. काही झाकलं नाही. "काकांचा काही दोष न्हाई. चूक माझी हाय."

सोनाजीनं बशी आपटली. "म्हंजे खेळच लावला का आमचा? एवढ्या लांबून गाडी काढून आलो, दोन फेऱ्या बुडवल्या, अन् हितं म्हणे टेस्ट! चल ताई, ऊठ."

"थांब रे सोना." चांगुणानं कप खाली ठेवला नाही. ती सपनाकडे वळली. "पोरी, नाव खोटं हाय का?"

"न्हाई."

"काम?"

"न्हाई मावशी. चौतीस वर्षं हितंच हायेत."

"घर?"

"दोन खोल्या. खऱ्याच हायेत."

"मंग खोटं काय?"

"वय. काका छप्पनचे हायेत. यादी पंचेचाळीसलाच संपते."

"काहून?"

"मला वाटलं, त्याच्यापुढं कोण लगीन करतंय..." आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन सपनानं जीभ चावली.

चांगुणा अशी हसली, अशी हसली, की रस्त्यावरचा चहावाला डोकावून गेला. "ऐकलं का रे सोना? आणखी दोन वर्षांनी तुझ्या ताईचं नाव या मशिनीत बसतच न्हाई!" सोनाजीलाही मग हसू दाबवेना, त्यानं पुन्हा बशी उचलली.

डोळे पुसून चांगुणा भिवाजीकडे वळली. "अन् ते अपेक्षेचं? घरात बोलणारी असावी. ते पण या लेकरानंच टाकलं का?"

हो म्हटलं असतं तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. झाकली मूठ तशीच राहिली असती. भिवाजीनं नखांतल्या शाईकडे पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "ते मी सांगितलं होतं."

"टेस्टसाठी?"

"सांगितलं टेस्टसाठीच. पण खरं हाय ते."

चांगुणानं चहा संपवला, पदरानं ओठ टिपले.

"प्रज्ञेशनं फोनवर वीस जणांचं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "कुणाला गोरी पायजे, कुणाला नोकरीवाली. पाच जणांना कमी बोलणारी पायजे. माझा नवरा जिता व्हता तवा तो पण म्हणायचा, जरा गप बस. त्याच्यामागं भाऊ म्हणतो, गप बस. बोलणारी पायजे म्हणणारा एकच निघाला, म्हणून म्हणलं, माणूस बघून तर यावं."

सोनाजी जीपच्या किल्लीशी चाळा करत दुसरीकडे बघू लागला.

चांगुणा उठली, पिशवी खांद्याला लावली. "मी काही हो म्हणत न्हाई अन् न्हाई पण म्हणत न्हाई. चुकीच्या कागदावर बोलणी करत नसतेत. कागद बराबर करा. मंग मी प्रज्ञेशला सांगते, परत वाच म्हणून." आणि पायरी उतरता उतरता, "पोहे बरे व्हते. मीठ कमी व्हतं."

जीप वळतेय तोच अपूर्व रिक्षातून उतरला. त्यानं बॅग ठेवायच्या आत सपना त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्या खेपेला आवाज कमी कापत होता.

अपूर्व स्वभावानं वाईट नव्हता, पण उन्हातून आला होता. "सपना, अगं जिल्ह्यातली पहिली वधू-वर साईट आपली! मंडळाचे अध्यक्ष काय म्हणतील? लाईट आली की पहिल्यांदा ती नोंद पुसून टाक. आणि पत्राचं मग बघू आपण."

"मालक," भिवाजी म्हणाला. अपूर्वला तो लहानपणी खांद्यावर घेऊन फिरला होता. मालक म्हणायचा तो समजावायचं असलं तरच. "प्रुफाखाली आपण ग्राहकाची सही घेतो, ती रीत कधीपासनं चालू झाली, माहीत हाय का?"

"बाबांनी सुरू केली."

"बाबांनीच. पण काहून? सत्याहत्तर साली मी एका पत्रिकेत नवरदेवाच्या जागी नवरीच्या बापाचं नाव बसवलं. पाचशे प्रती गावभर वाटून झाल्या. लग्नाच्या दिवशी वरात सोडून लोक मला शोधत व्हते. मी तीन दिवस कुरुंद्याला बहिणीकडं लपलो."

सपनाचे डोळे विस्फारले. हे तिला कधी सांगितलं नव्हतं. चार गोष्टी सांगणाऱ्या माणसानं स्वतःची गोष्ट तेवढी गाळली होती.

"चौथ्या दिवशी येऊन सगळं कबूल केलं. वाटलं, आता कामावरून काढतेत. विष्णुपंत रागावले न्हाईत. त्यांनी प्रुफाच्या कागदावर खाली एक रेघ मारली अन् म्हणाले, भिवाजी, आजपासनं हितं ग्राहकाची सही. बस. एवढंच." भिवाजीनं टेबलावरून हात फिरवला. "चूक हिची हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण वेबसाईटच्या कामाला ती रेघ आपण कुठं ठेवली? कागदाला ठेवली अन् मशिनीला विसरलो. हिनं तर तुमी आल्या आल्या सांगून टाकलं. मला तीन दिवस लागले व्हते."

अपूर्वला नवरीच्या बापाचं आठवलं असावं, कारण त्याच्या मिशा हलायला लागल्या. "बरं," तो म्हणाला. "सपना, पत्राची काळजी करू नकोस. आजपासून प्रत्येक पानाचं प्रूफ कागदावर काढायचं आणि सही घ्यायची." मग भिवाजीकडे वळून, जरा सांभाळून, त्यानं विचारलं, "आणि काका, तुमची नोंद? पुसायची ना?"

दोघंही त्याच्याकडे बघत होते.

"पुसून काय करता?" भिवाजी म्हणाला. "चुकलेलं असंल ते दुरुस्त करायचं असतं."

दोनला पंखा फिरायला लागला. सपनानं आधी सगळ्याची एक प्रत बाजूला काढली. मग वयाची यादी उघडली आणि पंचेचाळीसच्या पुढे आकडे वाढवत गेली. साठ, पासष्ट, सत्तर. पंच्याहत्तरला थांबली, विचार केला, आणि नव्वदपर्यंत नेली. मग भिवाजीचं पान प्रिंटरवर काढलं.

भिवाजीनं चष्मा लावला. खालच्या शेवटच्या शब्दापासून वर, बोट ठेवत ठेवत, सवयीप्रमाणे उलटं वाचलं. असावी. बोलणारी. घरात. मग घर, काम, शिक्षण. वय छप्पन. आडनाव, बापाचं नाव, स्वतःचं नाव. एकही चूक नव्हती. त्यानं लाल पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाला, "बराबर हाय. घे ग्राहकाची सही." आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं कागद टेबलाच्या पलीकडे सरकवला, जिथं आजवर नवरदेवांचे बाप, मामे, थोरले भाऊ बसत आले होते.

पलीकडची खुर्ची रिकामी होती.

सपनानं कागद उचलला, फिरवून परत त्याच्याकडे तोंड करून ठेवला, आणि वर आपलं पेन ठेवलं. खाली रेघ होती. भिवाजीनं पेन घेतलं, हात शर्टाला पुसला, आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवल्यासारखं, पूर्ण नाव लिहिलं. मग खाली तारीख टाकली, कारण तारखेशिवाय सही धरत नाहीत.